घरी एकदा विचारून घ्या

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळत आलो. तिला विसरलो होतो असं नाही. नवतपा लागला, मेअखेर सूर्य रोहिणीत येऊन नऊ दिवस आग ओकायला लागला, की ती आपणहून समोर येऊन बसते आणि मी उठून कूलरमध्ये पाणी घालायला जातो. कूलर भरेपर्यंत पाण्याचा आवाज ऐकत उभा राहतो. परत येईपर्यंत ती गेलेली असते. या वर्षी कूलर नाही. मुलाने बंगळुरूहून परस्पर एसी पाठवून बसवून दिला. उठून जायला निमित्त उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी राहतो ते घर नव्या रायपुरात आहे. इथले रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ती मध्येच वाळून जावी. हाक मारावी असं पलीकडे कोणी नसतंही. दुपारी एखादी बस येते, थांब्यावर थांबते, कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही, आणि तरीही ती थोडा वेळ दार उघडं ठेवून उभी राहते. मी गॅलरीतून बघतो. रोपट्यांना पाणी घालणाऱ्या टँकरमागे बगळे चालतात. बाकी सगळं उन्हाचं राज्य.

परवा दूध घेऊन येताना खालच्या पार्किंगमध्ये शेजारची मुलगी फोनवर भांडत होती. तिची बॅटरीची स्कूटर दोन महिन्यांतच बंद पडली होती. "भैया, वारंटी में नहीं आएगा मतलब? मैंने क्या किया है उसको?" तिचा आवाज चढत होता, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असावं. मला पाहून ती म्हणाली, "देखिए ना अंकल, बोल रहे हैं गलती आपकी है." पिशवीतलं दूध हाताला गार लागत होतं. लिफ्टने वर आलो आणि बराच वेळ दूध तापवायचं राहून गेलं.

*

नवं राज्य झालं तेव्हा भोपाळहून फायलींबरोबर आम्हा कारकुनांनाही गाडीत घालून इकडे पाठवलं. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत बसवलं होतं. दारांवरच्या वॉर्डांच्या पाट्या रंगवून टाकल्या होत्या, पण तिरप्या उन्हात खालची अक्षरं वर यायची. पावसाळी हवेत भिंतींना फिनेलचा वास सुटायचा. माझं टेबल बहुधा ड्रेसिंगच्या खोलीत होतं. तिथे बसून मी दिवसभर लोकांचे अर्ज तपासायचो आणि बहुतेकांवर 'नियमात बसत नाही' असा शेरा लिहायचो. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे मला कोणी तेच म्हटलं तेव्हा मी काय केलं ते सांगायचं आहे.

शहर एकाएकी मोठं झालं होतं. कालपर्यंत ज्या रस्त्यावर म्हशी बसायच्या तिथे लाल दिव्याच्या मोटारी धावू लागल्या. दुकानांच्या पाट्यांवर 'राजधानी' हा शब्द आला. राजधानी टेलर्स, राजधानी भोजनालय. मोटरसायकलींचे काचेचे शोरूम उघडले. आणि आम्ही, मी आणि सुमन, त्या नव्या राजधानीत कोणालाच ओळखत नव्हतो. मुलगा भोपाळला वसतिगृहात राहिला होता. सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या दोघांचा आवाज घुमायचा.

पाडव्याला मी मोटरसायकल घेतली. आयुष्यातली पहिली. तोवर सायकल आणि सरकारी जीप, त्याच्या मधलं काही माहीत नव्हतं. काळा रंग, टाकीवर लाल पट्टा. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि त्यावर बसलं की उन्हात ते चटके द्यायचं. सुमनने पूजा मांडली. ती हिंगणघाटकडची, तिच्या माहेरी बैलालाही ओवाळून मग पहिल्यांदा वखराला जुंपायचे. मी किल्ली तिच्या हाती देऊन शेजारी पेढे द्यायला गेलो. शेजाऱ्यांनी बसवून घेतलं, चहा झाला. परत आलो तेव्हा पूजा आटोपली होती, हँडलला झेंडूची माळ होती आणि सुमन पदराने टाकीवरचा कुंकवाचा ओघळ पुसत होती.

दोनेक महिन्यांत नवतपा लागला, आणि गाडी रस्त्यात बंद पडायला लागली.

*

रायपूरचा नवतपा ज्याने पाहिला नाही त्याला कसा सांगावा? दुपारी रस्त्यातलं डांबर चपलेला धरून ठेवतं. पोट्टे तोंडाला ओला गमछा बांधून फिरतात, नुसते डोळे दिसतात. कौलाखालच्या घरांत रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर खातात, त्याला बासी म्हणतात, आणि ती खाल्लेला माणूस उन्हाला भीत नाही म्हणे. ऊन लागू नये म्हणून सुमन माझ्या खिशात कांदा घालायची. मंत्रालयात फाईल काढायला वाकलो की कांदा टेबलावर घरंगळायचा आणि सगळे हसायचे.

त्यात सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी. उत्तरेकडून वारा आला की गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया-पापडांवर काळा थर बसायचा. सुमन सकाळी त्यांच्यावर जुनी साडी पसरायची, संध्याकाळी साडी झटकायची आणि म्हणायची, "राजधानीत आलो म्हणे. पापडालेही बुरखा घालावा लागते."

आणि या सगळ्यात मी गाडी ढकलत चाललेला. आधी इंजिन भुकभुक करायचं, मग धक्का खायचं, मग गप्प. किक मारून मारून पोटरी दुखायची. चोक ओढा, रिझर्व्हवर घ्या, टाकी हलवून बघा. पेट्रोल असायचं. सावलीत थोडा वेळ उभी ठेवली की कधी चालू व्हायची, कधी नाही. मागून येणारे सल्ला देऊन जात. "प्लग निकालो भैया." "गरम हो गई है, पानी मारो." मी इस्त्रीच्या शर्टात, खिशात कांदा, नव्या गाडीच्या सीटवर अजून प्लॅस्टिक.

शोरूमच्या मागे सर्व्हिस सेंटर होतं. टोकन घ्यायचं, वाळ्याच्या कूलरसमोर लोखंडी बाकावर बसायचं, नाव पुकारलं की काउंटरवर जायचं. तिथे एक हसरा, थोडा फुशारक्या मारणारा सुपरवायझर होता. डिप्लोमा झालेला, भर नवतप्यात टाय लावणारा. माझं आडनाव वाचून त्याचा चेहरा उजळला. "अरे, आपण मराठी का? मग या ना, बसा ना इधर." तो मुकुंद आष्टीकर. तात्यापाऱ्यात, शहरातल्या जुन्या मराठी वस्तीत, त्यांचं घर. "आम्ही तर भोसल्यांच्या वक्त से इथेच आहोत," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं हिंदीत बोलला.

त्या दिवशी सुमन माझ्याबरोबर होती. कित्येक दिवसांत तिच्याशी माझ्याशिवाय कोणी मराठी बोललं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, तुमची मराठी म्हणजे बासीसारखी हाये. रातभर हिंदीत भिजलेली."

"हव दीदी," मुकुंद म्हणाला, "नवतपा में बासी ही अच्छी लगती है."

ती इतकी हसली की बाकावरचे लोक वळून बघायला लागले. घरी येईपर्यंत ती त्याच्याबद्दलच बोलत होती. भाऊ भेटला म्हणाली. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, पण तिला आनंद माझ्यामुळे झाला नव्हता, हेही मला लागलं असावं. तेव्हा कळलं नव्हतं.

*

पहिल्यांदा त्याने कार्बोरेटर साफ करून दिला. गाडी चार दिवस बरी चालली. मग प्लग बदलला. मग म्हणाला, दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरत जा. प्रत्येक वेळी गाडी धुऊन, चकचकीत करून परत द्यायचे, आणि पुलाच्या चढावर ती तशीच चकचकीत बंद पडायची. वारंटीच्या भाषेत एक गंमत असते. तुमचं सगळं म्हणणं ते ऐकून घेतात. मान हलवतात. 'कंपनी को भेजा है' म्हणतात. पार्ट येणार असतो, माणूस येणार असतो, अप्रूव्हल येणार असतं. तुम्ही मात्र त्याच बाकावर त्याच कूलरसमोर बसलेले असता, आणि काही दिवसांनी तुमच्या लक्षात येतं की इथे बिघडलेली वस्तू म्हणून आता तुम्हालाच धरलं जातंय.

एकदा त्याने कार्बोरेटरची वाटी उघडून माझ्यासमोर धरली. तळाशी लालसर गाळ होता.

"बघा," मी म्हणालो, "गंज. टाकी आतून गंजली आहे. नव्या गाडीची टाकी. बदलून द्या."

मुकुंदने तो गाळ बोटांवर चोळला. "जंग ऐसा नहीं होता साहब. जंग खुरदुरा लगता है. ये तो चिकना है. पेट्रोल में कुछ मिला हुआ है."

मी म्हणालो, गंजच आहे. तो म्हणाला, नाही. कंपनीचा माणूस आला, त्याने वाकूनही पाहिलं नाही, 'बाहेरचा कचरा, वारंटीत बसत नाही' असं सांगून निघून गेला. नियमात बसत नाही. माझंच वाक्य कोणीतरी मला वाचून दाखवलं होतं. दिवसभर दुसऱ्यांना नाही म्हणणाऱ्या माणसाला नाही ऐकण्याची सवय नसते.

मुकुंद म्हणाला, "इतवार को घर आकर देखता हूं साहब. आराम से."

त्या रविवारी मला ऑफिसात बोलावलं, गाडी आणि किल्ली घरीच ठेवून गेलो. अधिवेशन होतं. संध्याकाळी घरी आलो तर सुमन खुशीत होती. "मुकुंदभाऊ येऊन गेले. पन्हं पेले दोन गिलास. टाकीत बॅटरी मारून पाहिलं, अन् इतके हसले..."

"हसायला काय झालं त्याला?"

"अहो, ऐका त. ते म्हणे..."

मी टॉवेल घेऊन अंघोळीला गेलो. ती पुढे काहीतरी सांगत होती. नळ जोरात सोडला.

*

सोमवारी मी काउंटरवर उभा राहिलो. गर्दी होती. मुकुंदने मला पाहिलं, थोडा पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहब, एक बार घर में पूछ लीजिए."

"घरात काय विचारू?"

त्याने बाकावरच्या लोकांकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा तेच, आणखी हळू. "बस, एक बार पूछ लीजिए."

मी आवाज चढवला. हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून. "मतलब? मेरी बीवी टंकी में मिट्टी डालती है? यह कहना है आपको?"

बाकावरचे हसले. मुकुंदचे कान लाल झाले. त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला तेव्हा बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तो म्हणाला, "नहीं साहब. मैंने ऐसा नहीं कहा."

मी तिथून थेट आमच्या अवर सचिवांकडे गेलो. त्या दिवसांत मंत्रालयातून एक फोन गेला की शहरातली कोणतीही काच थरथरायची. शोरूमच्या सेठला सरकारी गाड्यांच्या खरेदीची आस होती. सचिवांच्या फोनवरून मी त्याला म्हणालो, तुमचा सुपरवायझर गिऱ्हाइकाच्या बायकोवर आळ घेतो. एवढंच म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

दोन दिवसांत टाकी मंजूर झाली. सेठने मला आपल्या काचेच्या खोलीत बसवलं, सरबत मागवलं आणि मुकुंदला बोलावलं. "माफी मांगो साहब से."

मुकुंदने हात जोडले. "मुझसे समझने में गलती हुई, साहब. जंग ही था." हे म्हणताना तो माझ्या डोळ्यांत बघत होता. मला वाटलं, निगरगट्ट आहे.

मी म्हणालो, "ठीक आहे, ठीक आहे. पुढे लक्ष ठेवा."

सरबतात बर्फ फार होता. अजून दातांना आठवतो.

*

नवी टाकी बसवून गाडी घरी आली. तिचा लाल पट्टा बाकीच्या गाडीपेक्षा किंचित गडद होता. सुमन बाहेर आली ती ताट घेऊन. निरांजन, हळदकुंकू, ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता. तिने हात पुढे केला.

"किल्ली द्या."

"कशाला?"

"झाकण उघडाचं हाये. पोटात घालाले."

"काय घालायला?"

"अक्षता. ओटी भराची हाये न तिची. पाडव्याले भरली होती, तशीच." मी बघतच राहिलो, तर ती समजावून सांगायला लागली, लहान मुलाला सांगावं तशी. "दिवसभर बाहेर जाते ते. तुम्हाले नेते, तुम्हाले आणते. रिकाम्या पोटी धाडू का तिले? पाडव्याले चांगली ओंजळभर घातली होती. मुकुंदभाऊलेही दाखवली मी त्या रविवारी. बॅटरी मारून म्हणे, दीदी, ये चावल? मी म्हटलं, ओटी भरली. किती हसले. मग म्हणे, बस हो गया दीदी, ओटी एक ही बार भरते हैं. पण हे पोट त नवीन हाये न?"

ओंजळभर तांदूळ. ओलं कुंकू. गाडीच्या हादऱ्यांनी ते दाणे अडीच-तीन महिने एकमेकांवर घासले गेले असणार. लालसर, 'चिकना' गाळ.

संध्याकाळचं ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं. नवतपा संपून गेला होता, पावसाचा पत्ता नव्हता, गुलमोहराच्या पाकळ्या अंगणात वाळून पडल्या होत्या. मी तिचा हात धरला आणि अक्षता माझ्या तळव्यात घेतल्या. हेडलाइटवर वाहिल्या. म्हणालो, "आत नको. वरूनच वाहा."

"काहून?"

"असंच. पुसायला सोपं जातं."

तिने मानलं. ती माझं सगळं मानायची. हाताला चिकटलेले दाणे मी कितीतरी वेळ पँटला पुसत होतो.

लोक म्हणतात चूक झाली. मला ते पुरत नाही. त्या संध्याकाळपर्यंत मी चुकलेला माणूस होतो. त्या संध्याकाळनंतर खोटा झालो. मधली वेळ फार थोडी होती, ताटातलं निरांजन विझण्याइतकी. तेवढ्या वेळात गाडीला किक मारून शोरूमला जाता आलं असतं. गाडी उत्तम चालत होती.

*

मुकुंदला काउंटरवरून काढून सिलतऱ्याच्या गोदामावर पाठवलं. ट्रकमधून नव्या गाड्या उतरवायच्या, उन्हात रांगेने लावायच्या. पुढच्या सर्व्हिसिंगला मी गेलो तेव्हा त्याच्या खुर्चीवर दुसराच कोणी होता. मला त्याने टोकनही घ्यायला लावलं नाही.

सुमन विचारायची. मुकुंदभाऊ काहून येत नाहीत? मी सांगितलं, बदली झाली, फार काम असतं. दिवाळीला तिने चिवड्याचा डबा भरला. "तुमच्या रस्त्यात पडत असंल त देऊन या." सिलतरा माझ्या कोणत्याही रस्त्यात पडत नव्हता. मी डबा मंत्रालयात नेला, टेबलावर उघडला, सगळ्यांनी तारीफ करत खाल्ला. रिकामा डबा घरी आणला. तिने विचारलं, "आवडला?"

म्हटलं, "फार."

ती दर दिवाळीला डबा भरत राहिली, आणि मी तो रिकामा करून आणत राहिलो. मग कधीतरी ते थांबलं. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बिऱ्हाडं बदलली, मंत्रालय नव्या रायपुरात आलं, गाडी विकली, मी निवृत्त झालो. मुकुंदने नोकरी सोडून तात्यापाऱ्यात सीट कव्हरचं छोटं दुकान टाकल्याचं कोणीतरी सांगितलं. मी त्या बाजूला जाताना दुसऱ्या गल्लीने जायला लागलो. एका माणसाला टाळायला अख्खं शहर वळसा घालून पार करावं लागतं. शहराचा एक तुकडा माझ्यापुरता बंद होता. हळूहळू आणखी तुकडे बंद झाले, वेगवेगळ्या कारणांनी, आणि आता ही गॅलरी उरली आहे.

*

सुमन गेली ती थंडीत. मुलगा होता, सून होती, घर भरलेलं होतं. एका दुपारी मी सतरंजीवर बसलो होतो, समोर तिचा फोटो, आणि दारातून मुकुंद आत आला. केस पांढरे, टाय नाही. ओळखायला वेळ लागला नाही. चपला बाहेर काढून तो माझ्याशेजारी बसला. बराच वेळ फोटोकडे बघत होता.

"मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा भेटली होती दीदी," तो म्हणाला. "बरीच वर्षं झाली. विचारलं, भाऊ, चिवडा आवडत होता ना?"

मी सतरंजीची कड सरळ केली.

"मैंने कहा, बहुत अच्छा था दीदी." तो किंचित हसला. जुनं हसू, पण आता त्याला धार होती. "कैसा था साहब? मुझे तो आज तक मालूम नहीं."

मी म्हणालो, "मुकुंद, त्या टाकीचं..."

"छोड़िए ना." तो फोटोकडेच बघत होता. "उस दिन वहां बोलता कैसे? सब हंसते दीदी पर. इसलिए कहा, घर में पूछ लीजिए. आपने पूछ ही लिया होगा. पूछकर भी आपको टंकी ही चाहिए थी, तो ठीक है."

म्हणजे इतकी वर्षं त्याला असं वाटत होतं की मला सगळं ठाऊक होतं. काचेच्या खोलीत त्याने हात जोडले तेव्हा, 'जंग ही था' म्हणत तो माझ्या डोळ्यांत बघत होता तेव्हा, तो एका जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्या माणसाकडे बघत होता. माझ्या जिभेवर आलं, नाही रे, तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. पण ते बोललो असतो तर तो खुलासा झाला असता. नंतर कळलं, मग नंतर काय केलंस? डबे रिकामे केले. आणि ज्या बाईच्या ओंजळीने हे सुरू झालं ती समोर फोटोत, गळ्यात हार घालून. तिला यातलं काहीच कळू न देता मी तिला पोचवून आलो होतो. तिच्यासमोर तोंड उघडेना.

दुःखाच्या घरातून निघताना आपल्याकडे कोणी 'येतो' म्हणत नाही. घरचा माणूसही 'या' म्हणत नाही, दारापर्यंत पोचवायला उठत नाही. आलेला माणूस नुसता उठतो आणि जातो. मुकुंद तसा उठला. फोटोला हात जोडले, चपला घातल्या. त्याच्या पावलांचा आवाज जिन्यात उतरत गेला. मला पळत जाता आलं असतं. मी रीत पाळली. आयुष्यात कोणतीच रीत मी इतक्या निष्ठेने पाळलेली नाही.

*

या नवतप्यात मी त्याला फोन केला. नंबर मंडळाच्या चिटणीसांकडून मिळवला होता, बरेच दिवस उशाशी ठेवला होता. दुपार होती. खाली रस्त्यावर बस दार उघडून उभी होती.

"हां, कौन?"

मी नाव सांगितलं.

"बोलिए साहब." मागे शिलाई मशीन चालू होतं. त्याने कोणाला तरी हाताने थांबवलं असावं, कारण ते बंद झालं. "बोलिए."

"बरा आहेस ना?"

"हव. ठीक हूं. घुटने दुखते हैं."

"ऊन फार आहे."

"नवतपा है साहब."

त्याने फोन ठेवला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो थांबला होता, मला कळत होतं की तो थांबला आहे, आणि तो थांबला आहे हे मला कळतंय, हेही त्याला कळत असणार.

"और कुछ, साहब?"

"नाही," मी म्हणालो. "सहज केला होता."

"ठीक है." मशीन पुन्हा सुरू झालं.

वाक्य पाठ होतं. फोन करण्याआधी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, हिंदीत जमेना म्हणून मराठीतच ठेवलं होतं. ते असं होतं: मुकुंद, टाकी चांगली होती. तू सांगितलंस तेव्हा मी घरी विचारलं नाही. विचारायच्या आधीच तुझ्यावर उठलो. नंतर घरानेच सांगितलं, तेव्हा मी गप्प बसलो, आणि तू माझ्याकडे मागितलेली माफी तशीच ठेवून घेतली. ती मागायची पाळी तुझी नव्हती, माझी होती. चिवडा मी खाल्ला. सुमनला शेवटपर्यंत काही कळलं नाही. तुझ्यामुळे तिला कोणी हसलं नाही. मला माफ कर.